काट्याची साक्ष : जुन्या मोटरहोममधील इंजिनदर्शक व त्यांचे संवेदक

मोटर चालविणाऱ्याच्या समोरील तबकडीवर एखादा काटा अकस्मात लाल रेषेकडे सरकला, म्हणजे 'इंजिन तापले' असे वाक्य त्याच्या मनात तत्क्षणी उमटते. या वाक्याचा कर्ता इंजिन आहे. वस्तुतः काट्याने इंजिनाविषयी काहीच विधान केलेले नसते. आपल्यामधून वाहणाऱ्या विद्युत्प्रवाहाचे प्रमाण बदलले आहे, एवढेच तो सांगत असतो. प्रवाह बदलला यावरून मंडलातील रोध बदलला असावा, रोध बदलला यावरून संवेदकाचे तापमान वाढले असावे, आणि संवेदक तापला यावरून इंजिनातील पाणी तापले असावे, अशी अनुमानांची एक साखळी चालकाचे मन निमिषार्धात ओलांडते व शेवटच्या कडीलाच प्रत्यक्ष समजून बसते. धुरावरून अग्नीचे अनुमान करताना नैयायिक व्याप्तीची कसून परीक्षा करीत; दृष्टीस पडलेला धूर खरोखर धूर आहे की धुके, हा प्रश्न त्यांनी कधी वगळला नाही. तबकडीवरील काट्याच्या बाबतीत ही परीक्षा सहसा कोणी करीत नाही. गाडी नवी असेपर्यंत तिची गरजही भासत नाही. गाडी जुनी झाली म्हणजे मात्र साखळीतील प्रत्येक कडी संशयास्पद होते.

या परीक्षेस अमेरिकेतील जुन्या मोटरहोमइतके योग्य उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल. मोटरहोम म्हणजे निजण्याची, स्वयंपाकाची व स्नानाची सोय असलेले, स्वतःच्या इंजिनावर चालणारे घर. तेथे ही वाहने १९६० नंतरच्या दशकात लोकप्रिय झाली, आणि १९७० नंतरच्या दशकात तयार झालेली कित्येक वाहने हौशी मालकांनी आजही चालती ठेवली आहेत. त्यांत दोन घराणी विशेष प्रसिद्ध आहेत. पहिले जनरल मोटर्सच्या 'जीएमसी मोटरहोम'चे. हे वाहन १९७३ ते १९७८ या वर्षांच्या मालिकांत मिशिगन राज्यातील पाँटियॅक येथे तयार झाले. ओल्ड्समोबिल टोरोनाडो या मोटारीची पुढील चाके फिरविणारी यंत्रणा त्यास बसविलेली होती, आणि इंजिन प्रारंभी ४५५ घनइंचांचे व नंतर ४०३ घनइंचांचे होते. दुसरे घराणे डॉजच्या चेसिसवर उभारलेल्या गाड्यांचे. आयोवा राज्यातील फॉरेस्ट सिटी येथील विनेबागो कंपनीच्या त्या काळातील अनेक गाड्या या वर्गात मोडतात. येथे चेसिस, इंजिन व त्यांच्या तारा एका कारखान्याच्या, तर वरचे घर व त्याच्या तारा दुसऱ्या कारखान्याच्या, अशी द्विकर्तृक रचना असे. एका ग्रंथात दोन लेखकांचे हात मिसळले असता संपादकाची जी अवस्था होते, तीच अशा गाडीच्या तारांचा मागोवा घेणाऱ्याची होते. त्यात मधल्या पन्नास वर्षांतील मालकांनी घातलेल्या क्षेपकांची भर पडलेली असतेच.

दर्शकाचे एक मंडल म्हटले की त्यात पाच घटक येतात : इंजिनावर किंवा टाकीत बसविलेला संवेदक, तेथून तबकडीपर्यंत येणारी तार, काटा हलविणारा दर्शक, त्यास मिळणारा विजेचा पुरवठा, आणि प्रवाहाला बॅटरीकडे परत नेणारा मार्ग, म्हणजे कारागिरांच्या भाषेत 'अर्थ'. अमेरिकेतील जुने कारागीर संवेदकास 'सेंडिंग युनिट' म्हणतात. हा शब्द अधिक प्रामाणिक आहे. 'संवेदक' या शब्दात जाणण्याची क्रिया आहे, 'सेंडिंग युनिट'मध्ये फक्त पाठविण्याची. त्या धातूच्या नळकांड्यास जाणीव नसते. त्याचा रोध कमीअधिक होतो आणि तेवढीच बातमी तारेवरून जाते. 'सेन्सर' हा शब्द सर्वसामान्य कारागिराच्या तोंडी रुळला तो गाड्यांत संगणक आल्यानंतर.

आता मुख्य मुद्द्याकडे वळावयास हरकत नाही. वर उल्लेखिलेल्या दोन घराण्यांतील दर्शक बाहेरून सारखेच दिसतात, परंतु त्यांचे व्याकरण भिन्न आहे. जनरल मोटर्सच्या त्या काळच्या गाड्यांत पेट्रोलदर्शकाचा संवेदक टाकी रिकामी असता सुमारे शून्य ओहम आणि भरलेली असता सुमारे ९० ओहम रोध दाखवितो. क्रायस्लर (डॉज ही त्याच कंपनीची शाखा) व फोर्ड यांच्या गाड्यांत क्रम नेमका उलटा : रिकाम्या टाकीस सुमारे ७३ ओहम आणि भरलेल्या टाकीस सुमारे १०. चिन्ह आणि अर्थ यांचा संबंध रूढीने ठरतो, हा सोस्यूरचा सिद्धान्त येथे मोटारीच्या टाकीत मूर्तिमंत दिसतो. वाढता रोध म्हणजे वाढते पेट्रोल, की घटते पेट्रोल, याचे उत्तर निसर्गनियमांत सापडत नाही. ते त्या त्या कारखान्याच्या संकेतात असते.

दोहोंची अंतर्रचनाही वेगळी आहे. जनरल मोटर्सच्या दर्शकात दोन वेटोळी परस्परांविरुद्ध ओढ घेतात आणि काटा त्यांच्या ओढीच्या गुणोत्तरावर स्थिरावतो. बॅटरीचे व्होल्टेज वरखाली झाले तरी दोन्ही वेटोळ्यांवर त्याचा परिणाम सारखाच होत असल्यामुळे गुणोत्तर फारसे ढळत नाही. क्रायस्लर व फोर्ड यांच्या दर्शकात तारेच्या उष्णतेने वाकणारी द्विधातूची पट्टी काटा हलविते. तिला स्थिर पुरवठा हवा, म्हणून बॅटरीच्या बारा व्होल्टचा सरासरी पाच व्होल्ट करणारा एक लहानसा नियंत्रक तबकडीच्या मागे असतो. काही तबकड्यांत तो स्वतंत्र, तर काहींत एखाद्या दर्शकाच्या पोटातच दडलेला असतो. तोही द्विधातूचाच : तापला की संपर्क तुटतो, निवला की जुळतो, आणि या अखंड उघडझापीतून पाच व्होल्टची सरासरी साधते. दर्शकाची पट्टी मंदगती असल्यामुळे ही उघडझाप काट्यावर उमटत नाही. आपल्यासमोर कोणते व्याकरण आहे हे तबकडी न उघडताही ओळखता येते. चावी फिरविताच काटा झटकन उडून जागेवर गेला तर तो वेटोळ्यांचा. आळस झाडीत सावकाश चढला तर तो पट्टीचा.

या भेदाचे व्यावहारिक महत्त्व बिघाडाच्या वेळी कळते. पेट्रोलदर्शकाची तार तुटली, म्हणजे रोध अनंत झाला, असे समजा. डॉजच्या चेसिसवरील गाडीत प्रवाह थांबतो व काटा तळाशी पडून राहतो. चालकाला वाटते, टाकी रिकामी आहे. जीएमसीच्या गाडीत तीच तुटलेली तार काट्याला 'पूर्ण' या खुणेच्याही पलीकडे नेते. उलटपक्षी तार घासून चेसिसला टेकली, तर डॉजची टाकी तुडुंब भरलेली दिसते आणि जीएमसीची कोरडी. दोष तोच, विधाने परस्परविरुद्ध. म्हणून एका गाडीवर शिकलेला कारागीर दुसऱ्या गाडीवर हमखास चुकतो, आणि चुकूनही आपण नियमानुसार गेलो अशी त्याची समजूत राहते.

वंगणतेलाच्या दाबाचा दर्शकही आपापल्या घराण्याचाच नियम पाळतो : तार तुटताच जीएमसीचा काटा कमाल दाब दाखवितो, डॉजचा शून्य. तापमानाच्या बाबतीत मात्र दोन्ही घराण्यांचे एकमत आहे. तेथील संवेदकात थर्मिस्टर असतो आणि तापमान वाढले की त्याचा रोध घटतो. त्यामुळे तार चेसिसला टेकली तर काटा 'उष्ण' टोकास जातो, तुटली तर 'शीत' टोकास स्वस्थ पडून राहतो. यातील दुसरा प्रकार अधिक घातक होय. खोट्या गजराने चालक थांबतो, बॉनेट उघडतो, एखादा तास वाया घालवितो. खोट्या दिलाशाने तो पुढे जातो. बिघाडाचा विचार करताना कोणता दोष धोक्याकडे झुकतो आणि कोणता निर्धोक बाजूला, हे मंडलागणिक आधीच लिहून ठेवावे हे उत्तम. डॉजच्या तेलदर्शकाची तुटलेली तार चालकाला घाबरवील. जीएमसीची तुटलेली तार त्याला आश्वस्त करील.

चिकित्सेचा पहिला प्रश्न असा असावा : एकच काटा चुकतो आहे की सगळे एकदम? पाठचिकित्सेचा अभ्यास केलेल्यांना या प्रश्नाचे मर्म सांगावयास नको. अनेक हस्तलिखितांत एकच अशुद्ध पाठ आढळला, तर तो प्रत्येक लेखनिकाने स्वतंत्रपणे निर्माण केला असे कोणी मानीत नाही; त्यांच्या समान पूर्वजात तो शोधला जातो. त्याचप्रमाणे डॉजच्या तबकडीवरील पेट्रोल, तेल व तापमान हे तिन्ही काटे एकदम कमाल टोकास गेले, तर एकाच क्षणी टाकी भरली, तेलाचा दाब चढला आणि पाणी उकळले असे समजण्याचे कारण नाही. पाच व्होल्टच्या नियंत्रकाचे संपर्क चिकटले असावेत, किंवा त्याचा अर्थ सुटला असावा. दोन्ही प्रसंगी दर्शकांना अखंड बारा व्होल्ट मिळू लागतात. तिन्ही काटे एकदम निपचित पडले तर नियंत्रक उघडा राहिला असेल किंवा त्याच्यापर्यंत पुरवठाच पोहोचत नसेल. अशा वेळी फ्यूज प्रथम पाहावा. नियंत्रकाच्या बाहेरील बाजूस परीक्षणदिवा लावला असता तो लुकलुकला पाहिजे. अखंड पेटून राहिला तर संपर्क चिकटले आहेत असे समजावे. या घराण्यातील दर्शकास 'चालतो का पाहू' म्हणून बॅटरीची तार थेट लावण्याचा मोह अनेकांना होतो. त्याने काटा हलतो खरा, पण पुष्कळदा तो त्याचा अखेरचा प्रवास ठरतो.

एकच काटा चुकत असेल तर दोष त्या काट्याच्या खासगी मार्गात. परंतु तेथे वळण्यापूर्वी अर्थाचा विचार स्वतंत्रपणे करावयास हवा, कारण जुन्या मोटरहोममधील निम्म्याअधिक चमत्कारांचे मूळ अर्थात असते असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. साध्या मोटारीत पोलादी शरीर हाच परतीचा मार्ग असतो. मोटरहोमचे शरीर फायबरग्लास, लाकूड व ॲल्युमिनियम यांचे; त्यांतील पहिल्या दोहोंतून वीज वाहत नाही आणि तिसऱ्याचा पोलादाशी जेथे सांधा येतो तेथे ओलाव्याने गंज चढतो. म्हणून तबकडीचा अर्थ एका स्वतंत्र तारेवर अवलंबून असतो, टाकीचा दुसरीवर, आणि इंजिन व चेसिस यांना जोडणारा विणलेला पट्टा निराळाच. यांपैकी एखादा सांधा गंजला तर मंडलात थोडा अनाहूत रोध शिरतो, आणि तो काट्याच्या भाषेत बोलू लागतो. टाकीच्या अर्थात दहा ओहमचा गंज शिरला असे मानले, तर जीएमसीच्या गाडीत रिकाम्या टाकीतही सुमारे नवव्या हिश्श्याइतके पेट्रोल दिसेल. डॉजच्या गाडीत तोच गंज भरलेली टाकी काहीशी उणी दाखवील. पहिल्या गाडीचा मालक कधीतरी महामार्गाच्या कडेस डबा हाती घेऊन उभा राहील, दुसऱ्याचा वेळेआधी पेट्रोल भरीत राहील आणि त्याच्या काही ध्यानातही येणार नाही.

अर्थाचा दोष ओळखण्याची एक सोपी खूण आहे. वळणाचा दिवा लावावा. त्याच्या लुकलुकण्याबरोबर तापमानाचा किंवा पेट्रोलचा काटा ताल धरू लागला, तर दिवा आणि दर्शक यांचा परतीचा मार्ग एकच आहे व तो अरुंद झाला आहे. इंजिनातील पाणी सेकंदाला एकदा तापत आणि निवत नाही. हेडलाइट लावताच काटा हलत असेल तरी निष्कर्ष हाच. निश्चित मोजमाप हवे असल्यास इंजिन चालू ठेवून, दिवे व पंखा लावून, इंजिनाचा ठोकळा आणि बॅटरीचा ऋण खुंटा यांमधील व्होल्टेज मल्टिमीटरने पाहावे. ते व्होल्टच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक भरले तर सांधे उघडून घासावेत.

यानंतर खासगी मार्गाची परीक्षा. सर्वांत सुबोध पद्धती प्रतिनिधीची : संवेदकाची तार काढावी आणि तिच्या व अर्थाच्या मध्ये ज्ञात रोध जोडावा. जीएमसीसाठी ९० व ४५ ओहमचे, डॉजसाठी ७३ व १० ओहमचे रोधक पुरेसे असतात. रोधकाने सांगितले तेथे काटा गेला, तर तार, दर्शक व पुरवठा निर्दोष ठरतात आणि संशय संवेदकावर किंवा खुद्द इंजिनावर येतो. काटा तेथे गेला नाही, तर इंजिनास हात लावण्याचे कारणच उरत नाही. तार नुसतीच काढून आणि मग क्षणभर अर्थाला टेकवून काटा दोन्ही टोकांस जातो का हे पाहण्याची जुनी रीत आहे. ती वाईट नाही, परंतु तिने काटा हलतो एवढेच सिद्ध होते. मधल्या जागी तो खरे सांगतो का, हे कळत नाही. पेट्रोलच्या टाकीजवळ यांपैकी काहीही करताना ठिणगी उडता कामा नये. चावी बंद असताना जोडणी करावी, टाकीपासून दूरच्या जोडावर करावी, आणि मग चावी फिरवावी.

संवेदक निर्दोष, तार निर्दोष, दर्शक निर्दोष, अर्थ स्वच्छ, आणि तरीही काटा दिशाभूल करतो, असा एक प्रसंग आहे; तो या विषयातील सर्वांत धोक्याचा होय. तापमानाचा संवेदक ज्या पदार्थात बुडालेला असतो त्याच्याविषयी खरे सांगतो. तो पाण्यात असला पाहिजे ही आपली गृहीत अट. रबरी नळी फाटून पाणी वाहून गेले की संवेदकाचे टोक वाफेत किंवा हवेत उघडे पडते, वायूकडून धातूला उष्णता पाण्याइतकी चटकन मिळत नाही, आणि इंजिनाचे शिर वितळण्याच्या वाटेवर असता काटा खाली उतरू लागतो. चढावर वर गेलेला काटा चढ चालू असतानाच एकाएकी खाली आला, तर सुटकेचा निःश्वास टाकू नये. व्याप्तीची अट मोडली आहे. धूर नाही म्हणून अग्नी नाही, असे म्हणण्याचा अधिकार आता उरलेला नाही.

डेन्व्हरहून पश्चिमेस निघून, १९७३ साली खुल्या झालेल्या आयझेनहॉवर बोगद्याकडे चढणाऱ्या महामार्गावर ही परिस्थिती सहज उद्भवू शकते. बोगद्याची उंची ११,००० फुटांहून अधिक आहे. समुद्रसपाटीवर १५ पौंडांच्या दाबाचे झाकण लावलेल्या रेडिएटरमध्ये शुद्ध पाणी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते. उंचावर बाहेरील हवेचा दाब घटतो, त्याबरोबर हा बिंदूही खाली येतो, आणि झाकणाची स्प्रिंग म्हातारी झाली असेल तर आणखीच. म्हणजे सपाटीवर ज्या जागी काटा असता निर्धास्त राहता येते, त्याच जागी तो घाटमाथ्यावर असेल तर पाणी उकळीच्या बरेच जवळ असते. काट्याचा शब्द तोच. संदर्भ पालटल्याने अर्थ पालटला. काट्याच्या सांगण्याची शहानिशा करण्यासाठी हल्ली अवरक्त किरणांवर चालणारा हातातील तापमापक स्वस्तात मिळतो. थर्मोस्टॅटच्या कोठीवर तो रोखावा. त्या इंजिनांतील थर्मोस्टॅट बहुधा १८० किंवा १९५ अंश फॅरनहाइटला, म्हणजे सुमारे ८२ किंवा ९१ अंश सेल्सिअसला उघडणारे असतात. मोजलेला आकडा त्याच्या जवळपास असावा. मात्र चकचकीत धातूवर हा तापमापक खऱ्याहून कमी आकडा दाखवितो, तेव्हा काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर रोखणे बरे. संवेदक काढूनच तपासावयाचा असेल तर इंजिन पूर्ण निवू द्यावे; मग मल्टिमीटर जोडून त्याचे टोक उकळत्या पाण्यात धरावे आणि रोध एकसारखा, धक्के न खाता उतरतो का ते पाहावे.

तेलाच्या दाबाविषयी शहानिशेचा क्रमच वेगळा. तेथे काटा शून्यावर आला तर प्रथम इंजिन बंद करावे, वाद नंतर. तेलाचा दाब खरोखरच गेला असेल तर बेअरिंगांचा नाश अत्यल्प काळात होतो, आणि एवढ्या मोठ्या इंजिनाच्या पुनर्बांधणीचा खर्च जुन्या गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो. गाडी थांबल्यावर तेलाची पातळी पाहावी. पातळी ठीक असेल तर संवेदक काढून त्याच भोकात नळीवर चालणारा यांत्रिक दाबमापक बसवावा. त्यात वीज नाही, रोध नाही, अर्थ नाही. तेल स्वतःच काटा ढकलते. कारागिरांचा ढोबळ नियम असा की, इंजिन तापलेले असताना दर हजार फेऱ्यांमागे चौरस इंचास १० पौंड दाब असावा. यांत्रिक मापकाने तो दाखविला तर इंजिन निर्दोष सुटते आणि आरोप विजेवर येतो. यांत्रिक मापकही शून्यच दाखवील तर गाडी ओढून न्यावी. या एका परीक्षेच्या अभावी निरोगी इंजिने उघडली गेली आहेत आणि रोगी इंजिने जळेपर्यंत चालविली गेली आहेत.

काही गाड्यांत तेलासाठी काट्याऐवजी नुसता लाल दिवा असतो. अमेरिकन बोलीत त्याला 'इडियट लाइट', म्हणजे मूर्खांचा दिवा, असे अनुदार नाव आहे. दाब सुमारे पाच पौंडांच्या आसपास उतरल्याखेरीज तो पेटत नाही, म्हणून नावात थोडे तथ्य आहे. परंतु त्याच्यापाशी एक गुण असा आहे की तो रोज स्वतःची परीक्षा देतो. पाणिनीने लोपालाही व्याकरणात स्थान दिले, कारण जेथे काहीतरी अपेक्षित असते तेथील अभाव अर्थपूर्ण असतो. न पेटलेला दिवाही असाच. चावी फिरवून इंजिन सुरू होण्यापूर्वी तो पेटलाच पाहिजे; त्या क्षणी तो पेटला असेल तरच पुढचा त्याचा अंधार 'सर्व ठीक' असे सांगतो. त्या क्षणी तो पेटला नाही तर नंतरच्या अंधाराला काहीच अर्थ नाही : बल्ब गेला असेल, तार सुटली असेल. एवढी पाहणी करण्यास दोन सेकंद लागतात.

संवेदक बदलताना होणारा घोटाळा वेगळ्या जातीचा. दुकानात मिळणारे पुष्कळसे सुटे संवेदक तिसऱ्याच संकेताचे असतात : शून्यास २४० ओहम, कमालीस ३३. आटे जुळतात, तार बसते, इंजिन सुरू होते. तेलाचा असा संवेदक जीएमसीच्या दर्शकास जोडला तर उभ्या इंजिनावर काटा कमाल टोकाच्या पलीकडे जाईल आणि दाब भरपूर चढल्यावर तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास उतरून राहील. युरोपीय संवेदकांचा संकेत पुन्हा निराळा, १० ते १८० ओहमचा. दर्शक आणि संवेदक एकाच संकेताचे आहेत की नाहीत हे बसविण्यापूर्वी मल्टिमीटरने पाहिले तर ही शोभा टळते. एकाच तारेच्या संवेदकाच्या आट्यांवर गळती थांबविण्याची टेप जाडपणे गुंडाळण्याची सवयही सोडावी. त्याचा अर्थ त्या आट्यांतूनच जात असतो.

डॉजच्या तबकडीवरील ॲमीटर मात्र या साऱ्या चर्चेस अपवाद आहे. इतर दर्शक साक्षीदार आहेत. हा प्रत्यक्ष घटनेत सामील आहे. बॅटरीत जाणारा चार्जिंगचा सारा प्रवाह जाड तारांनी तबकडीपर्यंत आणून या मीटरमधून फिरवून परत नेलेला असतो, आणि वाटेत इंजिनाच्या कप्प्याच्या भिंतीतील जोडातून तो दोनदा जातो. मोटरहोममध्ये घराची दुसरी बॅटरीही त्याच अल्टरनेटरवर चार्ज होत असल्याने भार वाढतो. जोड गंजला की तापतो, तापला की अधिक गंजतो. काटा थरथरू लागला, किंवा तबकडीमागून गरम प्लॅस्टिकचा वास आला, तर येथे दर्शकाचे म्हणणे खरे की खोटे हा प्रश्नच नाही. आग लागण्यापूर्वी बॅटरीची तार काढावी. अनेक मालकांनी ॲमीटरला वळसा घालून व्होल्टमीटर बसविला आहे, आणि तो निर्णय सुज्ञपणाचा आहे. व्होल्टमीटर प्रवाहाच्या वाटेत उभा राहत नाही. इंजिन बंद असता सुमारे १२.६ आणि चालू असता १३.८ ते १४.४ च्या दरम्यान तो स्थिर राहिला म्हणजे पुरे.

तापमानाच्या कित्येक तबकड्यांवर आकडेच नसतात. एका टोकास शीत, दुसऱ्यास उष्ण, मध्ये कोरी जागा. अशा तबकडीवरील प्रत्येक स्थानाचे मूल्य केवळ इतर स्थानांच्या तुलनेत ठरते, आणि ते गाडीगणिक वेगळे. प्रत्येक जुन्या मोटरहोमची आपली एक व्यक्तिबोली असते असे म्हणता येईल. गाडी निरोगी असताना, सपाट रस्त्यावर, ठराविक वेगाने, ठराविक हवामानात, प्रत्येक काटा कोठे उभा राहतो याची नोंद वहीत केलेली असेल तर बिघाडाच्या दिवशी तुलनेस आधार मिळतो. अशी वही नसलेला मालक काटा मध्यावर पाहून समाधान मानतो, मग त्याच्या गाडीचा काटा वर्षानुवर्षे चतुर्थांशावरच का उभा राहत असेना.

१९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जनरल मोटर्सच्या मोठ्या इंजिनांवर संगणकाने नियंत्रित पेट्रोल-इंजेक्शन आले, आणि नंतरच्या मोटरहोममध्ये तापमानाचे दोन संवेदक दिसू लागले : एका तारेचा तबकडीसाठी, दोन तारांचा संगणकासाठी. तबकडीचा काटा चुकतो म्हणून संगणकाचा संवेदक बदलणारे, किंवा इंजिन थंडीत नीट सुरू होत नाही म्हणून तबकडीचा संवेदक बदलणारे, दोघेही या जुळ्या भावंडांच्या सारखेपणास फसलेले असतात. संगणकाच्या संवेदकाचा रोध २० अंश सेल्सिअसला सुमारे ३,५०० ओहम आणि १०० अंशांना सुमारे १७७ ओहम असतो. दोष आढळला की संगणक त्याचा क्रमांक साठवितो, आणि निदानाच्या जोडातील 'ए' व 'बी' ही टर्मिनले जोडून चावी फिरविली असता तबकडीवरील दिवा तो क्रमांक उघडझापीने सांगतो. एक झाप, विराम, दोन झापा म्हणजे १२. इंजिन बंद असता हा क्रमांक येणे म्हणजे यंत्रणा बोलती आहे एवढेच. १४ आणि १५ हे पाण्याच्या तापमानाचे. कारागीर त्यांचा अर्थ 'इंजिन फार तापले' आणि 'इंजिन फार थंड' असा लावतात. कारखान्याच्या पुस्तिकेतील व्याख्या मात्र अधिक काटेकोर आहे : १४ म्हणजे संवेदकाच्या मंडलात व्होल्टेज कमी, १५ म्हणजे व्होल्टेज जास्त. तुटलेल्या तारेनेही व्होल्टेज जास्तच राहते. म्हणून दिव्याने १५ सांगितले असता रेडिएटरकडे जाण्यापूर्वी संवेदकाचा जोड काढून, दोन्ही तारांची टोके तात्पुरती एकमेकांस जोडून, साठविलेला क्रमांक पुसून पुन्हा पाहावे. इंजिन सुरू केल्यावर क्रमांक १५ चा १४ झाला, तर तारा आणि संगणक दोन्ही शाबूत आहेत व संवेदक बदलावयाचा आहे. १५ कायम राहिला, तर दोष तारेत किंवा संगणकाकडील जोडात शोधावयाचा आहे.